गार आणि ओला हात : लाल विंचवाच्या दंशाचं एक प्रकरण

रुग्ण : मुलगा, वय 5 वर्षं, वजन 16 किलो. राहणार महाड-पोलादपूर भागातल्या एका वाडीत. रात्री साडेआठला पडवीतल्या ढिगातून लाकूड ओढताना उजव्या हाताच्या तर्जनीला डंख. घरच्यांनी विंचू मारून डब्यातून सोबत आणला. रंग तांबूस, नांग्या बारीक, शेपूट मात्र जाडजूड. म्हणजे लाल विंचू. मोठ्या काळ्या इंगळीचं उलट असतं : नांग्या दणकट, शेपूट किरकोळ. ती दिसायला भयंकर असली तरी जिवावर उठणारा हा लहानगा लालच.

(हे एकाच मुलाचं टिपण नाही. अशा दंशात नेहमी दिसणारा क्रम एका रुग्णावर बसवून प्रकरण मांडलं आहे.)

पहिली शंभर मिनिटं

बोटात कडाडून कळ आली. पंधरा मिनिटांत पहिली उलटी, मग आणखी दोन. तोंडाला लाळ सुटली, घाम इतका की सदरा बदलावा लागला. आधी विंचू उतरवणाऱ्याला बोलावणं गेलं, त्यात चाळीसेक मिनिटं गेली. 9.40 ला मूल प्राथमिक आरोग्य केंद्रात पोचलं.

तपासणीत मूल शुद्धीवर, पण घाबरलेलं. शिश्न ताठर. नाडी 74, रक्तदाब 124/88, श्वास मिनिटाला 28, ऑक्सिजन 97 टक्के, छाती स्वच्छ. हात मनगटापर्यंत आणि पाय घोट्यापर्यंत गार, आणि घामाने ओले. अर्ध्या तासाने, म्हणजे 10.10 ला, चित्र पालटलं : नाडी 152, रक्तदाब 140/100, गारवा कोपरापर्यंत चढलेला.

इथे पहिली नाडी लक्ष देऊन पाहायला हवी. पाच वर्षांच्या मुलाची नाडी शांत असताना 80 ते 120 असते. हे मूल कळवळतंय, घाबरलंय, उलट्या करतंय, तरी नाडी 74. रडणाऱ्या मुलाची नाडी संथ लागली तर आकडा 'बरा' म्हणून पुढे जायचं नसतं. आणि वरचा रक्तदाब या वयात 95-100 च्या आसपास हवा; 124 हा मोठ्या माणसाच्या डोळ्यांना साधा वाटणारा आकडा इथे चांगलाच चढलेला आहे. त्यासाठी लहान मुलांचा पट्टा हाताशी पाहिजे. मोठ्यांचा रुंद पट्टा बारीक दंडावर गुंडाळला की दाब खरा असतो त्याहून कमी दिसतो, आणि या आजारात नेमकी तीच चूक महागात पडते.

विष नेमकं काय करतं

चेतापेशीच्या पडद्याच्या आतली बाजू बाहेरच्या मानाने सुमारे 70 मिलिव्होल्टने ऋण असते. संदेश निघाला की पडद्यातली सोडियमची दारं उघडतात, सोडियम आत घुसतं, आणि एक-दोन मिलिसेकंदांत ती दारं आपोआप अडकतात. पाठोपाठ पोटॅशियम बाहेर पडून पडदा पूर्वपदावर येतो. ही विजेची लहर टोकाशी पोचली की तिथे कॅल्शियमची दारं उघडतात. कॅल्शियम आत आलं की रासायनिक निरोप्याने भरलेल्या सूक्ष्म पिशव्या पडद्याला भिडून फुटतात आणि निरोप्या दोन पेशींमधल्या फटीत सांडतो. पलीकडच्या पेशीवरच्या रिसेप्टरला, म्हणजे निरोप घेणाऱ्या जागेला, तो चिकटला की निरोप पोचला.

निरोप पोचवण्याइतकंच तो पुसणंही महत्त्वाचं. ॲसिटाइलकोलिन फटीतच एका एन्झाइमने काही मिलिसेकंदांत तोडलं जातं. नॉरॲड्रेनालिनचं तसं नाही. त्याचा मोठा भाग ज्या टोकातून सुटला तेच टोक परत ओढून घेतं आणि पुन्हा पिशव्यांत भरतं. थोडा भाग रक्तात निसटतो.

लाल विंचवाच्या विषातली प्रथिनं सोडियमच्या दाराला चिकटतात आणि त्याला वेळेवर अडकू देत नाहीत. लहर लांबते, एकाऐवजी लहरींची रांग लागते. याच विंचवाच्या विषातून वेगळं काढलेलं आयबेरिओटॉक्सिन पोटॅशियमची एका जातीची दारं बंद करतं, म्हणजे पेशी निवांत होण्याची वाटही अडते. दोन्हींचा परिणाम एकाच दिशेने : टोकाला कॅल्शियम जास्त वेळ येत राहतं आणि पिशव्यांमागून पिशव्या रित्या होतात.

म्हणून या दंशात जिवाला धोका विषापेक्षा शरीराच्या स्वतःच्या निरोप्यांचा असतो. विष फक्त भांडार उघडून देतं. उपचाराचं सगळं गणित या एका गोष्टीवर बेतलेलं आहे.

उघडतात त्या मुख्यतः स्वायत्त मज्जासंस्थेच्या नसा, म्हणजे हृदय, रक्तवाहिन्या, ग्रंथी आणि आतडी आपल्याला न विचारता चालवणाऱ्या. त्यांतल्या पॅरासिंपथेटिक बाजूचा निरोप्या ॲसिटाइलकोलिन. ते वाढलं की लाळ, उलटी, संथ नाडी, ताठर शिश्न. सिंपथेटिक बाजूचा निरोप्या नॉरॲड्रेनालिन. ते वाढलं की कातडीच्या आणि आतड्याच्या रक्तवाहिन्या आवळतात, दाब चढतो, हृदय धावतं. तिसरा घटक मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथींचा गाभा. त्याला नस ॲसिटाइलकोलिनने हुकूम देते आणि तो ॲड्रेनालिन थेट रक्तात सोडतो.

दोन्ही बाजू जवळपास एकदमच सुटतात, पण पहिल्या तासाभरात ॲसिटाइलकोलिनचा वरचष्मा दिसतो आणि मग नॉरॲड्रेनालिन-ॲड्रेनालिनचा. त्याचं एक कारण वर आलंच आहे : एक निरोप्या जागच्या जागी तुटतो, दुसरा तुटत नाही, रक्तात फिरत राहतो. आपल्या रुग्णाची 9.40 ची 74 नाडी पहिल्या टप्प्यातली होती आणि 10.10 ची 152 दुसऱ्या.

हात हातात घेतल्यावर

गार आणि ओला हात हा या आजारातला सर्वात बोलका पुरावा. घामाच्या ग्रंथींना येणारी नस सिंपथेटिकच असते, पण ती अपवाद म्हणून नॉरॲड्रेनालिनऐवजी ॲसिटाइलकोलिन सोडते. म्हणून ओलावा ॲसिटाइलकोलिनचा, गारवा नॉरॲड्रेनालिनचा. एकाच तळहातावर दोन निरोपे. गारवा कुठपर्यंत चढला हे दर अर्ध्या तासाने लिहून ठेवलं (बोटं, मनगट, कोपर) तर औषध लागू पडतंय की नाही हे रक्तदाबाच्याही आधी कळतं. हातामागच्या शिरा दिसेनाशा झाल्या होत्या, हेही लिहावं.

एक पंचाईत आहे. जुलाब-उलट्यांनी पाणी कमी होऊन शॉक बसलेलं मूलही गार आणि ओलंच लागतं, कारण तिथेही शरीर याच नसा वापरून दाब सांभाळत असतं. फरक रक्तदाबात. शॉकमध्ये तो पडलेला किंवा पडायला आलेला असतो, इथे चढलेला. दाब न मोजता शॉक समजून सलाइन किलोला 20 मिली या हिशेबाने सोडलं, म्हणजे या मुलाला 320 मिली, तर ते आवळलेल्या रक्तवाहिन्यांच्या विरोधात आधीच दमलेल्या हृदयाच्या मागे साचतं, आणि तासाभरात फुप्फुसात पाणी होतं. लाल विंचवाच्या दंशाने मृत्यू बहुतेक वेळा असाच, फुप्फुसात पाणी भरून येतो. सलाइनने ते नुसतं लवकर येतं.

अर्धी गोळी

महाडला प्रॅक्टिस करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी 1982 साली 'लॅन्सेट'मध्ये या दंशाची पुढचा धोका सांगणारी आरंभीची लक्षणं मांडली : उलटी, घाम, ताठर शिश्न, गार हातपाय. 1986 साली त्याच नियतकालिकात प्राझोसिनचा वापर आला. त्याआधी या भागात अंगात विष भिनलेल्या रुग्णांपैकी साधारण 30 टक्के दगावत. प्राझोसिन रुळल्यावर हे प्रमाण 1 टक्क्याच्या खाली आलं. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

प्राझोसिन हे रक्तदाबाचं जुनं, स्वस्त औषध. मुलांत मात्रा किलोला 30 मायक्रोग्रॅम. 16 किलोला 480, म्हणजे 1 मिलिग्रॅमची अर्धी गोळी. 9.50 ला ती कुटून 10 मिली पाण्यातून दिली. उलट्या चालू असल्याने रायल्स ट्यूबमधून, म्हणजे नाकातून पोटात घातलेल्या नळीतून. साध्या गोळीच्या जागी साठ्यात बऱ्याचदा सावकाश विरघळणारी, 2.5 किंवा 5 मिलिग्रॅमची गोळी असते. ती मोडायची किंवा कुटायची नाही, चोवीस तासांचं औषध एकदम सुटतं. आणि अख्खी दिली तर इतक्या लहान मुलाला मात्रा भलतीच होते. तेव्हा रात्रपाळीत शोधाशोध करण्यापेक्षा पाकिटावरची अक्षरं दिवसाच वाचून ठेवलेली बरी.

नॉरॲड्रेनालिन रक्तवाहिनीच्या स्नायूवर अल्फा-1 रिसेप्टरला चिकटून तिला आवळतं. प्राझोसिन ती जागा अडवून बसतं. निरोप्या फटीत आहे तेवढाच राहतो, पण निरोप पोचत नाही. रक्तवाहिनी सैलावते, हृदयापुढचा अडथळा कमी होतो.

मग कुठलंही अल्फा-रोधक का चालत नाही? कारण निरोप्या सोडणाऱ्या टोकावर दुसरा, अल्फा-2 रिसेप्टर असतो. फटीत नॉरॲड्रेनालिन पुरेसं झालं की ते या रिसेप्टरला चिकटून पुढची सोडणूक कमी करतं, टाकी भरल्यावर तरंगत्या चेंडूने नळ बंद व्हावा तसं. फेंटोलामाइनसारखं औषध अल्फा-1 बरोबर अल्फा-2 ही अडवतं. रक्तवाहिनी सैलावते खरी, पण चेंडूच निकामी झाल्याने टोक आणखी नॉरॲड्रेनालिन ओतत राहतं, आणि हृदयावरचे बीटा रिसेप्टर मोकळे असल्याने ते हृदयाला झोडपतं. प्राझोसिन नेहमीच्या मात्रेत अल्फा-2 ला फारसा हात लावत नाही. ही निवडकता हेच त्याचं खरं मोल. दाब तर इतरही औषधं उतरवतात.

गोळीचं रक्तातलं प्रमाण दोन-तीन तासांत अर्ध्यावर येतं आणि निरोप्या त्याहून जास्त वेळ रक्तात असतो, म्हणून दर तीन तासांनी तीच मात्रा पुन्हा, हातपाय ऊबदार आणि कोरडे होईपर्यंत. नुसती जागेवरची वेदना असेल, घाम-उलटी-गारवा काहीच नसेल, तर 'खबरदारी म्हणून' प्राझोसिन द्यायचं नाही. वेदनेसाठी बोटाच्या बुंध्याशी लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध पुरेसं. या मुलाला 2 टक्क्यांचं 1 मिली दिलं. बोटात टोचायचं म्हणजे ॲड्रेनालिन न मिसळलेलं. मिसळलेली बाटलीही तशीच दिसते, लेबल पाहावं. जोडीला पॅरासिटामॉल 240 मिलिग्रॅम.

10.20 ला हाफकिन संस्थेचं विंचूविरोधी प्रतिविष सुरू केलं, रिॲक्शनची तयारी शेजारी ठेवून. ते रक्तात मोकळं फिरणारं विष बांधतं. सांडून गेलेला निरोप्या ते परत पिशवीत भरू शकत नाही, त्यामुळे ते प्राझोसिनच्या जागी नव्हे, सोबत. महाडलाच झालेल्या आणि 2011 साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आलेल्या चाचणीत 70 रुग्ण होते. दहा तासांत पूर्ण बरे झालेले : दोन्ही औषधं मिळालेल्या 35 पैकी 32, नुसतं प्राझोसिन मिळालेल्या 35 पैकी 8. सरासरी वेळ 8 तास विरुद्ध 17.7 तास. मात्र दंशानंतर जितका उशीर तितकं बांधायला उरलेलं विष कमी, हे उघड आहे.

रात्रीचा आलेख

पहिले तीन तास दर अर्ध्या तासाने नाडी, दाब, श्वास, गारव्याची रेघ. पुढचे सहा तास दर तासाला. मग दर चार तासांनी.

11.20 ला दाब 128/90, नाडी 148, श्वास 34. छातीत आवाज नाही. 12.10 ला आईने मुलाला लघवीसाठी कडेवर उचलून दाराशी नेऊन उभं केलं. मूल पांढरंफटक पडून खाली बसलं, दाब 76/48. पहिल्या मात्रेनंतरचा हा प्रकार पुस्तकात असतो, आणि घामा-उलटीने पाणी गेलेल्या मुलात त्याचा धोका जास्त : आडवं असताना दाब बरा, उभं केलं की रक्त पायांत उतरतं आणि आवळून ते वर ढकलायला अल्फा-1 मोकळा नसतो. आडवं करून पाय उशीवर घेतले, चमच्याने ओआरएस दिलं, दहा मिनिटांत 104/70. नातेवाइकांना 'विश्रांती द्या' एवढं सांगून भागत नाही. 'उचलायचं नाही, बसवायचं नाही, लघवीही आडव्यानेच' असं तोडून सांगावं लागतं. आजारी मूल कडेवर घेणं हा आईचा पहिला हात असतो.

पाणी द्यायचं ते तोंडाने, घोटघोट. उलट्या थांबल्यावर पहाटेपर्यंत साधारण 400 मिली ओआरएस गेलं. शिरेतून फक्त सुई चालू ठेवण्यापुरतं.

12.50 ला दुसरी अर्धी गोळी. दाब 116/80, नाडी 136, गारवा कोपरावरून मनगटावर उतरलेला. 3.50 ला तिसरी. फक्त बोटांची टोकं गार. 5.30 ला दाब 100/62, नाडी 112, तळवे ऊबदार आणि कोरडे, हातामागच्या शिरा पुन्हा दिसू लागलेल्या. 6.50 ची मात्रा दिली नाही. बोट अजून ठणकत होतं, पण वेदना किती यावरून विष किती हे ठरत नाही, त्यामुळे तिच्यासाठी प्राझोसिन लांबवलं नाही.

जे दिलं नाही

ॲट्रोपिनचा (ॲसिटाइलकोलिनचा रिसेप्टर अडवणाऱ्या औषधाचा) मोह पहिल्या दहा मिनिटांत होतो : लाळ, घाम, संथ नाडी. शेतात फवारणी करून आलेल्या, ऑर्गॅनोफॉस्फेट जातीच्या कीटकनाशकाची विषबाधा झालेल्या माणसाचं चित्र पहिल्या नजरेला असंच असतं आणि तिथे ॲट्रोपिन जीव वाचवतं. तिथे ॲसिटाइलकोलिन तोडणारं एन्झाइमच बंद पडलेलं असतं, त्यामुळे ते साचतच जातं आणि त्याचा रिसेप्टर अडवणं भाग असतं. विंचूदंशात एन्झाइम धडधाकट आहे. ॲसिटाइलकोलिनचा भर आपोआप ओसरणार आहे. वर, धावू पाहणाऱ्या हृदयाला थोडाफार लगाम घालणारंही तेच आहे. ॲट्रोपिन दिलं की तो लगाम सुटतो आणि नॉरॲड्रेनालिनला रान मोकळं. दंशाची जागा आणि डब्यातला विंचू यांवरून निदान पक्कं असताना 74 नाडीला हात लावायचा नाही.

बीटा-रोधक देऊन 152 नाडी उतरवणं तितकंच चुकीचं. आवळलेल्या वाहिन्या तशाच राहतात आणि त्यांविरुद्ध लढणाऱ्या हृदयाची ताकद मात्र काढून घेतली जाते. जिभेखालच्या निफेडिपिनने दाब धाडकन पडतो, नाडी आणखी धावते. स्टिरॉइड आणि ॲव्हिल (ॲलर्जीवरचं औषध) सवयीने टोचली जातात, त्यांचा इथे काही उपयोग नाही. आणि कुणी हे 'ॲलर्जी' समजून ॲड्रेनालिन दिलं तर ज्याने घात चाललाय तेच वरून ओतल्यासारखं होतं.

मूल सहा तासांनी आलं असतं तर

खोकला, गुलाबी फेस, श्वास 50 च्या वर, छातीत दोन्हीकडे बुडबुडे. अशा वेळी पाठीला टेकू देऊन अर्धं बसवायचं, ऑक्सिजन, शिरेतून फ्युरोसेमाइड (लघवीवाटे पाणी काढणारं), आणि रक्तवाहिन्या सैलावणाऱ्या नायट्रोग्लिसरीन किंवा सोडियम नायट्रोप्रुसाइडचं मोजून चालवलेलं ठिबक. दाब पडलेला असेल तर हृदयाला जोर देणारं डोब्युटामिन, मिनिटाला किलोमागे 5 ते 15 मायक्रोग्रॅम. हे प्राथमिक केंद्राचं काम नाही, पण तिथून निघण्याआधी प्राझोसिनची मात्रा पोटात जायला हवी. 'मोठ्या दवाखान्यात देतील' म्हणून थांबलं की घाटातले दोन तास फुकट जातात.

रुग्ण पुढे पाठवताना चिठ्ठीवर 'विंचूदंश, उपचार देऊन पाठवत आहोत' एवढंच असू नये. दंशाची वेळ, प्राझोसिनच्या प्रत्येक मात्रेची वेळ आणि मायक्रोग्रॅम, शिरेतून एकूण किती मिली गेलं, प्रतिविष किती आणि कधी, निघताना गारवा कुठपर्यंत होता, हे सगळं लिहावं. आपल्या रुग्णाला पाठवावं लागलं नाही. चोवीस तास ठेवून, चालवून, उभ्याने दाब 98/60 भरल्यावर दुसऱ्या रात्री घरी सोडलं.